थेंबे थेंबे तळे रिते

वैशाखातल्या सुटीचे वेध लागले की इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी घरांतून प्रवासाची बांधाबांध सुरू होते. कुणाला मुंजीसाठी पुणे गाठायचे असते, कुणाला कुलदैवताचे दर्शन घेऊन पुढे कोकणात उतरायचे असते. पूर्वी या प्रवासाची सारी भिस्त आगगाडीवर आणि एस.टी.वर असे, आता पुष्कळ कुटुंबे स्वतःच्या मोटारीने निघतात. निघण्यापूर्वी टायरांतली हवा पाहिली जाते, तेल पाहिले जाते, काचा पुसल्या जातात, समोरच्या गणपतीला फूलही वाहिले जाते. मात्र गाडी जिथे उभी असते तिथल्या फरशीवर उमटलेला रुपयाएवढा ओला डाग बहुधा कुणाच्या लेखी नसतो. वरचेवर पाणी घातले की भागते, अशी समजूत असते. हा डाग ज्या लहानशा भागातून पुष्कळदा येतो, त्याची ओळख करून देणे आणि त्याची दुरुस्ती कशी होते हे सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

त्या भागाचे नाव थर्मोस्टॅट हौसिंग. आपण त्याला थर्मोस्टॅटचे घर म्हणू. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा जाड रबरी पाइप इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथे मुठीएवढे, बाकदार नळीसारखे एक झाकण दिसते. दोन किंवा तीन बोल्टांनी ते इंजिनावर बसवलेले असते आणि त्याच्या पोटात थर्मोस्टॅट असतो. काही नव्या इंजिनांत हे घर खालच्या बाजूला, पाणी आत शिरते त्या ठिकाणी असते. जागा बदलली तरी काम तेच.

पाण्याचा फेरा

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरमधल्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इंजिनाचा माथा ज्या अॅल्युमिनियमचा घडवतात, ते ६६० अंशांना वितळते. असे असूनही इंजिन वितळत नाही, कारण ज्वलनाची आच प्रत्येक वेळी क्षणभरच टिकते आणि धातूच्या आतील पोकळ्यांतून अखंड पाणी खेळत असते. इंधनातून निघालेल्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा हे पाणी उचलते, रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्याच्या स्वाधीन करते आणि पुन्हा परत येते.

परंतु इंजिनाला जशी अति उष्णता मानवत नाही, तसा अति गारवाही मानवत नाही. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, तेलात पाण्याचा अंश साचून त्याचा चिकट गाळ होतो आणि झीज वाढते. म्हणून इंजिन लवकर तापावे आणि मग त्याच तापमानावर राहावे, अशी योजना करावी लागते. ती योजना म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. पाणी सुमारे ८२ ते ९० अंशांपर्यंत तापले की ती उघडू लागतो आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो.

यासाठी त्याला ना वीज लागते ना माणसाचा हात. त्याच्या पोटात पितळेची छोटी डबी असते आणि तिच्यात मेण भरलेले असते. मेण वितळले की फुगते, फुगलेले मेण एका दांडीला रेटते आणि झडप उघडते. निवाले की स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. सर्जियस व्हर्ने या अभियंत्याने १९३० च्या दशकात ही युक्ती काढली. आज काही गाड्यांत तिला विजेच्या नियंत्रणाची जोड मिळाली आहे, तरी मेणाचे तत्त्व टिकून आहे.

कुकरची रिंग आणि इंजिनाचे गॅस्केट

मग एका थेंबाने एवढे काय बिघडते? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. प्रेशर कुकरची रबरी रिंग सैल पडली की कडेने वाफ निसटते, शिटी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. आत पाणी असते, खाली आच असते, पण दाब धरलेला नसतो. दाब नाही म्हणजे पाणी शंभर अंशांच्या पुढे जात नाही. ते उकळून वाफ होऊन निघून जाते.

मोटारीची शीतनव्यवस्था हा असाच एक बंद कुकर आहे. फरक इतकाच की कुकरमध्ये दाब पदार्थ शिजवण्यासाठी धरतात आणि मोटारीत पाणी उकळू नये म्हणून. रेडिएटरच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. वातावरणाच्या दाबावर झाकण आणखी किती दाब धरून ठेवील, ते तो सांगतो. ०.९ चा दाब असता साधे पाणीदेखील सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही.

थर्मोस्टॅटच्या घरातून गळती होते तेव्हा पाण्याबरोबर हा दाबही जातो. घाटात, भर उन्हात, भरलेल्या गाडीचे इंजिन जोर लावत असताना पाणी ११० अंशांवर गेले आणि दाब टिकला नाही, तर इंजिनाच्या माथ्यातील अरुंद पोकळ्यांत ते उकळते. तिथे पाण्याऐवजी वाफेचे बुडबुडे राहतात आणि वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी उचलू शकत नाही. त्या जागी माथा वाकतो किंवा त्याखालचे हेड गॅस्केट जळते. ही दुरुस्ती हजारांच्या घरात जाते. ज्या गॅस्केटमुळे हे सारे टळले असते, ते सर्वांत स्वस्त सुट्या भागांपैकी एक असते. म्हणून पाण्याची पातळी पुरेशी आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. पाणी जिथून जाते, तिथून दाबही जातो.

थेंब मूळ कुठला?

गाडीखाली दिसणारा प्रत्येक थेंब रोगाचे लक्षण नव्हे. वातानुकूलन चालू असता गाडीतल्या हवेतील बाष्प गोठून स्वच्छ पाणी खाली ठिबकते; त्याला रंग नसतो, वास नसतो, चिकटपणा नसतो. त्याची चिंता नको. कूलंट मात्र हिरवे, लाल, गुलाबी वा निळे असते, बोटाला किंचित बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. त्यातील एथिलीन ग्लायकॉल हे विष आहे. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि लहान मुलांनाही त्याचा धोका असतो. सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे आणि उरलेले शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये.

थेंब पडतो त्याच्या सरळ वरच गळती असते असेही नाही. पाणी इंजिनावरून ओघळत कुठल्या तरी कोपऱ्यापर्यंत येते आणि मग टपकते. यासाठी गार इंजिन प्रथम पुसून कोरडे करावे आणि संशयित सांध्यांवर खडूची पूड किंवा साधी टाल्कम पावडर शिंपडावी. इंजिन चालवून थांबवले की पांढऱ्या पुडीवर ओलाव्याची वाट स्पष्ट उमटते. हे बघताना हात फिरत्या पट्ट्यांपासून व पंख्यापासून दूर असावा. थर्मोस्टॅटच्या घराच्या कडेला पांढरी, हिरवट वा गुलाबी खपली धरलेली असेल, तर गळती नवी नाही, कित्येक दिवसांची आहे, असे समजावे. चांगल्या गॅरेजमध्ये हातपंपाने थंड इंजिनातच दाब भरून गळती शोधतात. तो मार्ग सर्वांत खात्रीचा.

गळती तीन जागांपैकी एकीतून असते: घर आणि इंजिन यांच्यामधल्या सांध्यातून, पाइप चढवलेल्या तोंडाशी, किंवा घरालाच गेलेल्या तड्यातून. तिन्हींचे औषध वेगळे. म्हणून निदान झाल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

आवळल्याने भागत नाही

गळती दिसताच पहिला उपाय सुचतो तो बोल्ट आणखी आवळण्याचा. बोल्ट सैल झाला असेल तर तो योग्यही आहे, पण बहुतेक वेळा कारण निराळे असते. अॅल्युमिनियम तापले की ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दहा सेंटिमीटरचा अॅल्युमिनियमचा तुकडा सत्तर अंशांनी तापला तर सुमारे ०.१६ मिलीमीटर वाढतो, लोखंडाचा त्याच्या निम्मा. जुन्या गाड्यांत लोखंडी माथ्यावर अॅल्युमिनियमचे घर असे. प्रत्येक फेरीत हे दोन धातू एकमेकांवर सरकत आणि मधले कागदी गॅस्केट घासून जाई. आता बऱ्याच गाड्यांत घर प्लास्टिकचे असते. वर्षानुवर्षे तापून-निवून ते ठिसूळ होते, त्याचा तळ वाकतो, बोल्टाच्या भोकाशी तडा जातो. वाकलेल्या तळाचा बोल्ट आवळला की तो अधिक वाकतो. तडा अधिक लांबतो.

दुसरे कारण पाणी. आपल्याकडे कित्येक गावांत विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असते. हंड्याच्या तळाला जी पांढरी पुटे चढतात, तीच इंजिनातही चढतात. शिवाय नुसत्या पाण्यात गंज रोखणारी द्रव्ये नसतात. अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात, पाइपच्या तोंडाची कड कुरतडली जाते आणि नवा पाइप, नवी क्लिप घालूनही पाझर थांबत नाही. आपल्याकडे हिमवर्षाव नाही, मग कूलंट कशाला, असे म्हणणारे हे विसरतात की कूलंटचे काम पाणी गोठू न देणे एवढेच नाही. ते धातू जपते आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवते.

दुरुस्तीची रीत

ज्याला पान्यांचा सराव आहे त्याला हे काम घरी करता येते. इतरांनी ते मेकॅनिककडून करवून घ्यावे. मात्र रीत ठाऊक असली म्हणजे समोर चाललेले काम नीट आहे की नाही हे कळते.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. गाडी रात्रभर उभी राहिलेली उत्तम. विजेचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, म्हणून बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. रेडिएटरमधील पाणी थर्मोस्टॅटच्या पातळीखाली येईल इतके स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. मग क्लिप सैल करून पाइप फिरवत काढावा. जुन्या बोल्टांना गंज धरला असेल तर गंज सोडवणारे तेल घालून थांबावे. घाई केली तर बोल्ट तुटून अर्धा इंजिनात राहतो आणि तासाभराच्या कामाचा दिवस होतो.

घर निघाले की उघड्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, म्हणजे कचरा आत पडत नाही. आता खरे काम सुरू होते, आणि ते सफाईचे आहे. जुन्या गॅस्केटचा कण न् कण लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावा. स्क्रू ड्रायव्हर किंवा करवतीचे पाते वापरले तर मऊ अॅल्युमिनियमवर चरे पडतात, आणि प्रत्येक चरा ही पाण्याची नवी वाट असते. धातूच्या घराचा तळ सपाट आहे की नाही हे पाहण्यासाठी जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर तळ हलक्या हाताने गोल फिरवावा. सगळीकडे सारखी चमक आली तर तळ सपाट. मध्ये काळसर बेट राहिले तर तिथे खळगा आहे. खळगा उथळ असेल तर असेच घासत राहून तो निघतो. खोल खड्डे असतील, किंवा प्लास्टिकचे घर वाकले अथवा तडकले असेल, तर नवे घर घ्यावे. तड्यावर एपॉक्सीचा लेप देणे म्हणजे फुटक्या हंड्याला मेण लावणे होय.

घर उघडलेच आहे तर थर्मोस्टॅटचीही परीक्षा घ्यावी. एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगावा, तळाला टेकू देऊ नये, आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप हलू लागली पाहिजे आणि पाणी निवताना मिटली पाहिजे. इंदूर-बेळगावसारख्या उंचावरच्या गावी पाणी शंभर अंशांच्या थोडे अलीकडेच उकळते, तरी ८२ किंवा ८८ अंशांच्या थर्मोस्टॅटसाठी ते पुरते. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवावी. काठावर हवा जाण्याचे बारीक छिद्र किंवा हलती टिकली असेल तर ती वरच्या बाजूला यावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. गॅस्केट नवेच हवे. रबरी रिंग असेल तर तिला चिकटद्रव्य लावू नये. कागदी गॅस्केटला लावायचेच तर पुसटसे. भरमसाट लावलेले द्रव्य आतल्या बाजूला ओघळते, वाळून त्याचे तुकडे सुटतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात.

बोल्ट प्रथम बोटांनी बसवावेत आणि मग आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. या जागी पुष्कळदा सहा मिलीमीटरचे बोल्ट असतात आणि त्यांना दहा न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचे वजन लावावे इतकाच. पूर्ण अंगाचा भार घातला तर अॅल्युमिनियममधले आटे निघून येतात.

शेवटी पाणी भरणे. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण वापरावे. नुसता रंग जुळतो म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत, कारण रंगावरून जात ओळखता येत नाही. भरताना हीटर पूर्ण गरम बाजूला वळवावा, सावकाश ओतावे, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो वापरावा. मग झाकण लावून इंजिन सुरू ठेवावे. काही वेळाने वरचा पाइप गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पुढे पंखा आपोआप सुरू होतो. इंजिन पुन्हा पूर्ण निवल्यावर पातळी पाहिली तर ती बहुधा उतरलेली असते, कारण अडकलेली हवा बाहेर आलेली असते. तेवढी भर घालावी. पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर सांध्यावरून कोरडे बोट फिरवून पाहावे आणि मगच लांबच्या प्रवासाला निघावे.

“आपल्याकडे थर्मोस्टॅट लागतच नाही”

हे वाक्य गॅरेजांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. गळती थांबवता थांबवता थर्मोस्टॅटच काढून फेकला जातो आणि रिकामे घर पुन्हा बसवले जाते. आपला देश उष्ण, गाडी जितकी थंड तितकी चांगली, असा हिशेब त्यामागे असतो. तो दोन तऱ्हांनी चुकतो.

पहिली गोष्ट, इंजिनाला आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्याशी फारसे कर्तव्य नाही. त्याला ९० अंशांच्या आसपास राहायचे असते. थर्मोस्टॅट नसेल तर सकाळच्या वेळी आणि सपाट रस्त्यावर ते अर्धवट गारच धावते. संगणकाने इंधन मोजणाऱ्या आजच्या गाड्यांत तर इंजिन अजून थंडच आहे असे समजून पेट्रोल अधिक सोडले जाते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली आणखी एक चकती असते. मुख्य वाट उघडली की ही चकती रेडिएटरला वगळून जाणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की आडवाट सदैव उघडी राहते, गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परततो, आणि जी गाडी थंड राहावी म्हणून हा खटाटोप केला, ती घाटातच तापते.

म्हणून मेकॅनिकला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: गॅस्केट नवे घातले का, आणि थर्मोस्टॅट आत आहे का? जुना सुटा भाग परत मागून घ्यावा. चांगल्या कारागिराला हे प्रश्न खटकत नाहीत; आपले काम समजून घेणारा माणूस भेटला याचा त्याला आनंदच होतो.

वाटेत गाडी तापली तर

इंदूरहून धुळ्याकडे येताना सेंधव्याजवळचा बिजासन घाट, बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ल्याचा घाट, अशा ठिकाणी चढणीवर वेग कमी आणि जोर अधिक असतो. दुबळ्या सांध्याची परीक्षा तिथेच होते. काटा वर सरकू लागला तर वातानुकूलन बंद करावे आणि काचा उघडून हीटर पूर्ण सुरू करावा. उकाडा होईल खरा, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची थोडी उष्णता घेतो. तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे.

वर चढलेला काटा एकाएकी खाली आला तर निश्चिंत होऊ नये. तापमान मोजणारा भाग पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपले की तो खोटे सांगू शकतो. गरम झाकण उघडू नये. कुकरचे झाकण शिटीनंतर लगेच ओढल्यावर काय होते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. इथेही दाब तसाच असतो आणि उकळते कूलंट तोंडावर, हातांवर उडते. निदान पाऊण-एक तास थांबावे, वरचा पाइप हाताला गार लागू द्यावा, मग जाड फडके धरून झाकण सावकाश सोडावे. तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातू तडकतो.

आपल्या घरांत मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. तिच्यातून वडील माणसे दवाखान्यात जातात, लेकरे आजोळी जातात. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपण लहानपणी शिकलो; थेंबे थेंबे ते रितेही होते, हे फरशीवरचा तो डाग सांगत असतो. सुटीच्या आधी एका सकाळी, इंजिन गार असताना, बॉनेट उघडून त्या बाकदार झाकणाच्या कडेवरून एकदा बोट फिरवावे. बोट कोरडे निघाले तर खुशाल निघावे. ओले निघाले तर आधी गॅरेज गाठावे, मग घाट.